राखोलीच्या कागदावर माझी सही

राखोलीच्या शेडमधल्या एका माणसाची नोकरी माझ्या सहीने गेली. सही मी दिवसाढवळ्या, खुर्चीत बसून, चहाचा कप बाजूला सारून केली होती. कोणी जबरदस्तीने करून घेतली नव्हती. म्हणून ही गोष्ट सांगताना मला दुसऱ्या कुणाच्या अंगावर काही ढकलता येत नाही.

नवऱ्याला सिल्वासातल्या धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सची नोकरी लागली, तेव्हा आम्ही नाशिकहून इथे आलो. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. पहिली काही वर्षं मी इंजिनियरांच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. धाकटी शाळेत जायला लागल्यावर वापीला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. वय सदतीस. वर्गातली पोरं मला आंटी म्हणायची आणि गृहपाठ माझाच उतरवून घ्यायची. कोर्स संपल्यावर एका शेठकडे नोकरी मिळाली. शेठ गुजराती, स्वभावाने बरे, आवाजाने मोठे. त्यांच्या तीन शेड होत्या, सिल्वासा, दादरा आणि राखोली. तिन्हीकडे प्लास्टिकचा दाणा बनायचा. सिल्वासाचा दाणा पाइपांसाठी, दादऱ्याचा वायरच्या आवरणासाठी, राखोलीचा चपलांच्या तळव्यांसाठी.

दाणा बनवणं म्हणजे मोठ्या प्रमाणावर केलेला स्वयंपाकच. मूळ पावडर, तेल, रंग आणि तीन-चार औषधं ठरल्या वजनात मिक्सरमध्ये घालायची. माझं काम एवढंच होतं की कोणत्या मालाला काय किती लागतं, याचा कागद कॉम्प्युटरवरून छापून मिळावा. आधी हे सगळं केमिस्टच्या वहीत असायचं, आणि केमिस्ट रजेवर गेला की वही त्याच्या कपाटात आणि किल्ली त्याच्या खिशात. मी प्रोग्राम लिहिला. सिल्वासात चालला. मग दादऱ्याला कॉम्प्युटर आला, मग राखोलीला.

प्रत्येकाचे हट्ट पहिल्या दिवसापासून वेगळे. दादऱ्याला कागदावर कामाची पाळी, म्हणजे शिफ्ट, छापून हवी होती. राखोलीचे मिक्सर लहान, म्हणून त्यांना एकाच मालाचे चार घाणे करून चारही वजनं वेगवेगळी छापून हवी होती. मी मूळ प्रोग्राम घेतला आणि त्याच्या दोन वेगळ्या प्रती करून त्यात हवे ते फेरफार केले. झाले तीन प्रोग्राम. तिघांचा चेहरा एक, आतून तीन तऱ्हा. एकात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात आपोआप जात नसे. फाइल उचलून टाकावी, तर दादऱ्याची पाळी उडे नाहीतर राखोलीचे घाणे. प्रत्येक दुरुस्ती तीनदा, तीन ठिकाणी, हाताने करायची. त्यासाठी मी एक वही ठेवली होती. डावीकडे दुरुस्ती, उजवीकडे तीन रकाने, काम झालं की बरोबरची खूण. फ्लॉप्या मी लग्नपत्रिकेच्या जाड पाकिटांत घालून न्यायची. ते पाकीट वाकत नाही.

पहिला धक्का गणपतीच्या आधी बसला. सिल्वासाच्या शेडमधला केमिस्ट दोन कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, हे औषध दोन किलो पंचेचाळीस ग्रॅम पाहिजे. तुमच्या कागदावर काय आहे?"

"दोन पॉइंट पंचेचाळीस," मी वाचलं, आणि वाचता वाचताच चूक दिसली.

मी प्रोग्राममध्ये आधी किलो छापले होते, मग टिंब, मग ग्रॅम. ग्रॅम शंभराच्या वर असले तर सगळं ठीक. पण पंचेचाळीस ग्रॅम असले की टिंबापुढे एक शून्य लागतं, आणि ते शून्य मी घातलंच नव्हतं. दोन किलो पंचेचाळीस ग्रॅमचे काट्यावर दोन किलो साडेचारशे ग्रॅम होणार होते. मी शिकवणीला चौथीच्या पोरांना दशांश शिकवत असे. हीच चूक केली म्हणून एका पोराला वही परत लिहायला लावली होती.

केमिस्ट जागरूक होता म्हणून सिल्वासात माल वाचला. दुरुस्ती एका ओळीची. सिल्वासात लगेच केली. मग दादऱ्याला फोन लावला, लागला नाही. राखोलीला लावला, लागला, पण पलीकडून फक्त मिक्सर ऐकू आला. नवऱ्याला कारखान्यातून बोलावून घेतलं आणि त्याच्या स्कूटरवर मागे बसून आधी दादरा गाठलं. तिथल्या मालांत शंभराच्या आतले ग्रॅम क्वचितच यायचे, नुकसान नव्हतं. ओळ घातली, खूण केली. मग उलट फिरून राखोली. पोचेपर्यंत दुपारचे चार वाजले होते आणि माझी कंबर गेली होती.

राखोलीला मला खात्री होती की माल बिघडलेलाच असणार. चपलेच्या तळव्यात एक फुगवणारी पावडर घालतात, तिच्यामुळे तळवा हलका होतो. ती एका घाण्याला एक किलो साठ ग्रॅम. माझ्या कागदावर ते एक पॉइंट साठ येणार, म्हणजे एक किलो सहाशे. दीडपट. पण मॅनेजर म्हणाले, माल एकदम छान आहे, गिऱ्हाईक खूश आहे.

"असं कसं?" मी विचारलं. "कागद चुकीचा आहे."

मॅनेजर पुण्याचे. नवऱ्याची त्यांची ओळख, म्हणून मला वहिनी म्हणायचे. ते मला काट्यापाशी घेऊन गेले. काट्यावर आबा होते. धुळ्याकडचे, पन्नाशीचे, शर्टाची वरची बटणं कायम लावलेली. शेडमध्ये सगळे त्यांना आबाच म्हणायचे, शेठसुद्धा.

"आबा, फुगवायची पावडर किती टाकता?"

"दोन मापं आणि वर बोटभर," आबा म्हणाले.

"आणि कागदावर?"

त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही. "कागदवर जास्ती येस, ताई. कधी कधी. ते मी टाकत नाही."

मॅनेजर भडकले. "म्हणजे कागद आम्ही काय भेळ बांधायला देतो का तुम्हाला? वहिनी स्कूटरवर येतात, फ्लॉप्या आणतात, आणि तुम्ही बोटं मोजताय!"

"साहेब, तुमनी वहिनीना कागद चुकीना व्हता ना पण?" आबा शांतपणे म्हणाले. बाजूचे दोघे हसले. मॅनेजर हसले नाहीत.

मलाही हसू आलं होतं, पण मी दुसरंच बोलले. वाटलं की या माणसाने आज वाचवलं ते ठीक, पण उद्या हा नसेल, दुसरा असेल, त्याच्या बोटाची जाडी वेगळी असेल. पद्धत पद्धतीने चालली पाहिजे. म्हणून मी म्हणाले, "आबा, आजपर्यंत कागद चुकत होता. मी आत्ता सुधारलाय. आता चुकणार नाही. इथून पुढे कागदावर असेल तेच टाका, मनाने काही करू नका."

"तुम्ही सांगतस ना?"

"मी सांगते."

"मंग ठीक शे," ते म्हणाले. मी ओळ घातली, त्यांच्यासमोर कागद छापून दाखवला, एक पॉइंट शून्य साठ, आणि वहीतल्या तिसऱ्या रकान्यात खूण केली. तीन खुणा एका ओळीत. त्या दिवशी घरी येऊन मी पिठलं-भात केला आणि चांगली झोपले.

दिवाळीत इथले कारखाने बंद होतात. खानदेशातली माणसं गावाला जातात, शेठलोक लक्ष्मीपूजन करतात आणि मग लाभपंचमीला मुहूर्त करून पुन्हा यंत्रं सुरू होतात. मिक्सरला हार, काट्याला हार, कॉम्प्युटरलाही हार. मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक काढू नका, एवढं एक मी शेठना पहिल्या वर्षीच पटवलं होतं. त्याऐवजी स्वस्तिक फ्लॉपीच्या कव्हरवर काढलं होतं. दादऱ्याला आणि राखोलीला कॉम्प्युटर बसवला, तेव्हा ज्या फ्लॉपीवरून मी प्रोग्राम चढवला, ती शेठनी परत नेऊ दिली नाही. तिची पूजा झाली होती. ती त्या त्या शेडच्या ऑफिसातल्या देव्हाऱ्यात, लक्ष्मीच्या तसबिरीमागे राहिली. तीच मुहूर्ताची फ्लॉपी.

त्या लाभपंचमीला शेठनी मला दादऱ्याला आणि राखोलीला दोन्हीकडे गाडीतून नेलं. राखोलीला नारळ फुटला, पेढे आले. शेठनी देव्हाऱ्यातली फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली. "बेन, तुम्ही लावा. घरातली बाई लक्ष्मी."

मी लावली. नेहमीचा शब्द टाइप केला, एंटर दाबलं. फ्लॉपीचा तो किर्र किर्र आवाज झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉम्प्युटरवर टाइप करणारी गुजराती बाई होती, दोन पोरांची आई, आम्ही तिला टायपिस्टबेन म्हणायचो. तिने मला पेढा भरवला. मी पहिला कागद छापून आबांच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला.

पुढच्या आठवड्याच्या शेवटी शेठचा आवाज मला फोनशिवायही ऐकू आला असता. राखोलीचा माल फुगला होता. गिऱ्हाइकाने चपलांचे तळवे परत पाठवले होते. मॅनेजरनी त्यातला एक सिल्वासाच्या ऑफिसात माझ्या टेबलावर ठेवला. तो पावासारखा वर आला होता. दोन बोटांनी वाकवला तर मधून तुटला, आणि आत मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं.

"पावडर दीडपट पडलीय," मॅनेजर म्हणाले. "सरळ दिसतंय. आबांनी बोटं मोजली परत."

आबांना त्यांनी बरोबर आणलं होतं, ते दारात उभे होते. "ताई, कागदवर लिखेल व्हतं तेच टाकं मी."

"कागद कुठेत?" मी विचारलं. कागद नव्हते. काट्यावरचे कागद तेलाने आणि रंगाने भरतात, आठवड्याच्या शेवटी सफाईत जातात. त्या मालाचे कागद गेले होते.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. "बेन, कॉम्प्युटर चुकू शकतो?"

प्रश्न रास्त होता, आणि मी तो रास्त पद्धतीने सोडवला असं मला तेव्हा वाटलं. सिल्वासात माझ्याकडे राखोलीच्या प्रोग्रामची प्रत होती, ती उघडली. शून्याची ओळ तिथे होती. वही उघडली. तिन्ही रकान्यांत खुणा होत्या. राखोलीच्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे, ते बघायला मी राखोलीला गेले नाही. बारा-तेरा किलोमीटर. गेले नाही, कारण खूण माझ्या हाताची होती.

"शेठ, ही चूक होती, ती मी गणपतीआधी सुधारली. तिन्हीकडे," मी म्हणाले.

"लिहून द्या," मॅनेजर म्हणाले. "गिऱ्हाइकाला दाखवायला लागेल."

मी लिहून दिलं. प्रोग्राम बरोबर आहे, कागदावरचं वजन बरोबर होतं, खाली सही. आबांना दुपारच्या आत राखोलीच्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर काढलं. त्याआधी सिल्वासाच्या ऑफिसच्या दारातून बाहेर पडताना ते मला म्हणाले, "तुम्हीच सांगेल व्हतं ना, ताई, मनाने काही करू नका म्हणून?" मी म्हणाले, "सांगितलं होतं, आबा, पण तुम्ही ऐकलं नाही ना." हे वाक्य माझं आहे. ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं.

पंधराएक दिवसांनी प्रिंटरची रिबन बदलायला मी राखोलीला गेले. रिबन बदलली, हात काळे झाले, म्हणून नळाकडे निघाले. नळ काट्याच्या पलीकडे होता. काट्यावर नवा माणूस होता, वलसाडकडचा. तळवे परत आल्यापासून फुगवायच्या पावडरचा माल बंद होता, तो त्या दिवशी पुन्हा सुरू होत होता. त्याच्यासमोर खिळ्याला कागद अडकवला होता. चपलेचा माल, घाणा पहिला. मी चालता चालता वाचला आणि जागीच थांबले.

एक पॉइंट साठ.

नवा माणूस तिसरं माप भरत होता.

"थांबा!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की मिक्सरवाल्याने मिक्सरच बंद केला. "ते टाकू नका. बाजूला ठेवा. कोणी काही टाकू नका."

मी काळ्या हातांनीच कॉम्प्युटरवर बसले. प्रोग्राम उघडला. शून्याची ओळ नव्हती. मी दोनदा वर-खाली बघितलं. जिथे ती होती, तिथे वरची आणि खालची ओळ एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, मध्ये कधी काही नव्हतंच अशा. पहिला विचार आला की कोणीतरी मुद्दाम काढली. मॅनेजरनी? कशाला?

"इथे कोणी हात लावला?" मी टायपिस्टबेनला विचारलं. आवाज चढला होता.

"मी? ना रे बाबा. मला फक्त छापता येतं."

"मग कोणी? कोणी फ्लॉपी घातली?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, मी थट्टा करतेय असं वाटून. "बेन, तमे ज तो घाली हती! तुम्हीच! मुहूर्तला! मी पेढा दिला ना तुम्हाला!"

मी देव्हाऱ्याकडे बघितलं.

मुहूर्ताच्या फ्लॉपीत पहिल्या दिवसाचा प्रोग्राम होता. चुकीसकट. एंटर दाबलं की ती फ्लॉपी आपल्यातला प्रोग्राम कॉम्प्युटरवर चढवते, असंच मी तिला शिकवलं होतं. मी माझ्या हाताने जुना प्रोग्राम नव्यावर चढवला होता आणि वर पेढा खाल्ला होता. ती फ्लॉपी पहिल्यांदा चढवली त्यानंतर या प्रोग्रामात त्या एका ओळीखेरीज काही बदललं नव्हतं. त्यामुळे कुणाला काही वेगळं दिसलं नाही. चार घाणे तसेच, चेहरा तसाच. गेलं ते फक्त एक शून्य. आणि एक माणूस.

आबांचा विचार मला त्यानंतर आला, हे मी कबूल करते. त्याआधी आला दादऱ्याचा. मुहूर्त तिथेही झाला होता, फ्लॉपी तिथेही मीच लावली होती. ओळ राखोलीत पुन्हा घातली, नवा कागद छापला, नव्या माणसाला म्हटलं, हा घ्या, आणि तो फाडून फेकू नका, मला द्या. मग मॅनेजरना म्हटलं, मला आत्ताच्या आत्ता दादऱ्याला सोडा.

"काय झालं, वहिनी?"

"वाटेत सांगते."

दाण्याची पोती घेऊन निघालेल्या टेंपोत ड्रायव्हर, मॅनेजर आणि मी. वाटेत सांगितलं. मॅनेजरनी ड्रायव्हरकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "हे शेठना सांगायलाच पाहिजे का?"

"म्हणजे?"

"माल फुगला तो फुगला. गिऱ्हाइकाला आपण कारण दिलंय. नवीन माणूस मिळालाय. तुम्ही आता ओळ घातलीत, विषय संपला. एक सही झालीय, दुसरी कशाला?"

मला या बोलण्याचा धक्का बसला हे खरं. पण त्याहून मोठा धक्का हा बसला की दोन क्षण मलाही ते बरं वाटलं.

दादऱ्यालाही ओळ गेलेली होती. तिथल्या मुहूर्तापासूनच्या मालात शंभराच्या आतले ग्रॅम एकदाही आले नव्हते, म्हणून काही बिघडलं नव्हतं. नुसतं नशीब. ओळ घातली. दोन्ही देव्हाऱ्यांतल्या फ्लॉप्या मी त्या दिवशी मागून घेतल्या आणि त्यांच्यातला प्रोग्राम पुसला. शेठना फ्लॉपी देव्हाऱ्यात हवीच होती, म्हणून आत फक्त एक ओळ ठेवली. पडद्यावर शुभ लाभ उमटतं, रोमन अक्षरांत, आणि काही होत नाही. किर्र किर्र मात्र होतं. पुढची बरीच वर्षं टाळ्या त्यालाच मिळाल्या.

शेठना मी दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगितलं. ते अगरबत्ती लावत होते. ऐकता ऐकता अगरबत्ती हातातच राहिली.

"मुहूर्तमां खोटुं केवी रीते थाय, बेन?" मुहूर्तात वाईट कसं होईल, हेच त्यांना कळेना. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा पडला होता, देवानेच काहीतरी चुकवल्यासारखा.

"मुहूर्ताचं काही नाही, शेठ. माझं चुकलं. जुनी फ्लॉपी आहे हे मला कळायला हवं होतं. आणि सही करण्याआधी राखोलीला जाऊन बघायला हवं होतं." मी दुसरा कागद लिहून आणला होता. पहिला कागद चुकीचा, छापलेलं वजन चुकीचं होतं, वजन करणाऱ्याची चूक नाही. खाली सही. तो पुढे केला.

शेठनी चष्मा लावून दोनदा वाचला. "गिऱ्हाइकाला हे द्यायचं नाही."

"नका देऊ. आबांना बोलवा."

"ते येतील?"

"मी जाते."

आबा गावाला गेले नव्हते. खेरडीत खोली घेऊन राहत होते आणि एका शेतकऱ्याच्या भाताच्या मळणीवर पोती तोलायला जात होते. मी पोचले तेव्हा ते घरी नव्हते. त्यांची बायको अंगणात तांदूळ निवडत होती. मी कोण, हे तिला सांगावं लागलं नाही.

"आते काय लेवाले उनात?" तिने मान वर न करता विचारलं.

"आबांना बोलवायला. चूक त्यांची नव्हती. माझी होती."

"ते आम्हले पहिला दिनपासून माहीत शे." तिने सूप आपटलं. "शेडमधला लोके काय म्हनतस ठाऊक शे? पावडर इकी खादी, म्हनतस. भलतंच काही टाकं, म्हनतस. पोरगीना सासरलोंग गई गोट." आबांनी पावडर विकून खाल्ली, ही बोलणी मुलीच्या सासरपर्यंत पोचली होती. मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सही कराले कितला टाइम लागना तुम्हले?"

मी पायरीवर बसले. तिने चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

आबा तासाभराने आले. मी उभी राहून सगळं सांगितलं, फ्लॉपीसकट. त्यांना फ्लॉपीचं काही देणं-घेणं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे कागद चुकीना व्हता?"

"हो."

"आणि मी बराबर?"

"हो, आबा."

ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "येस मी कामवर. पण हे तुम्ही माले आठे सांगी ऱ्हायनात. माले काढं ते शेडमा, सगळासमोर. तठेच सांगा."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलताना राखोलीला मिक्सर दहा मिनिटं बंद ठेवले. शेठ आले होते. मॅनेजर प्रिंटरजवळ कुठलातरी कागद शोधत राहिले. मी काट्यापाशी उभी राहिले आणि बोलले. भाषण करायची सवय नव्हती. मराठीत बोलले, मग तेच मोडक्या हिंदीत. कागद चुकीचा छापला गेला, तो माझ्या हातून, आबांनी कागदावरचं वजन बरोबर तोललं होतं, त्यांनी काही विकलं नाही, काही भलतं टाकलं नाही, आणि मी न बघता त्यांच्याविरुद्ध सही केली. सगळे ऐकत होते. कोणी टाळी वाजवली नाही. टायपिस्टबेन डोळे पुसत होती, त्याचा मला राग आला.

नवा माणूस मिक्सरवर गेला. आबा काट्यावर बसले. मी पहिला कागद आणून दिला. त्यांनी तो खिळ्याला लावण्याआधी खालपासून वरपर्यंत वाचला, बोट ठेवून, एकेक आकडा. मग पावडरचं माप हातात घेतलं.

एक गोष्ट मला गेले दोन-तीन दिवस टोचत होती. ती तेव्हा विचारली. "आबा, त्या दिवशी तिसरं माप भरताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? एवढी वर्षं दोन मापं आणि बोटभर टाकत होतात."

"वाटनं ना," ते म्हणाले. "हात सांगे, जास्ती व्हई ऱ्हायनं. पहिला घाणालेच सांगे."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. असं काय विचारते ही, असं. "तुम्ही सांगेल व्हतं, ताई. मनाने काही करू नका. मी हातले म्हणं, गप बैस, ताईनी सांगेल शे."

काट्याला धरलेला माझा हात मी काढून घेतला. त्या फुगलेल्या मालाचे सगळे घाणे त्या माणसाने चूक आहे हे कळत असताना माझ्या शब्दाखातर घातले होते, आणि मी त्यालाच म्हणाले होते, तुम्ही ऐकलं नाही.

"आबा," मी म्हणाले, "पुन्हा हाताने काही सांगितलं, तर घाणा थांबवा. कागद माझा असला तरी थांबवा. मी येईपर्यंत टाकू नका."

"आणि साहेब वरडनात तर?"

"तर म्हणा, ताईंना बोलवा."

आबांनी मान हलवली. हो म्हणाले की बघू म्हणाले, ते मिक्सर सुरू झाल्यामुळे मला कळलं नाही. त्यांनी दोन मापं घातली, वर बोटभर, काटा स्थिर होऊ दिला, मग कागदाकडे पाहिलं.